विसळलेल्या बाटल्या

चकाचक हे नाव त्याला मी ठेवलं. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. माणूस खोलीत आला की आधी टेबलावरून बोट फिरवायचा, बोटाला काही लागलं तर फडकं शोधायचा आणि मगच 'नमस्कार ताई' म्हणायचा. त्याच्या मोटरसायकलच्या चाकांच्या ताराही पुसलेल्या असायच्या. मी लॅबमध्ये रासायनिक तपासण्या करते, आणि टेबलावर पसारा नसला तर मला काही सुचत नाही. तेव्हा आमचं जमणं कठीणच होतं, पण जमलं. मला रोज टोमणे मारायला एक माणूस मिळाला आणि त्याला रोज आवरायला एक टेबल मिळालं.

आमच्या लॅबची इमारत एकच, पण मधोमध भिंत आहे. अलीकडे पिण्याचं पाणी तपासतात, पलीकडे सांडपाणी. शहर काय पितं आणि काय सोडून देतं, दोन्ही आम्हाला कळतं. एवढी माहिती शेजारणींनासुद्धा नसते. दोन्हीकडचा कारभार बाईंकडे. बाई म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. त्या ओरडत नाहीत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं, असं वाटावं इतक्या हळू बोलतात. त्यांच्या सहीशिवाय शहरात पाणी चांगलं ठरत नाही आणि त्यांच्या सहीशिवाय नदीत पाणी सोडता येत नाही. त्या सहीपायी त्यांनी किती जणांशी वाकडं घेतलंय, ते सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही.

चकाचक बरीच वर्षं पलीकडे होता. सांडपाण्याच्या टाक्यांवरून बाटल्या भरून आणायचा. तिकडे बाईंचा एक नियम आहे: बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि मग भरायची, म्हणजे आधीचं काही चिकटलेलं असेल तर निघून जातं. बाकीचे लोक एकदा विसळायचे आणि तीनदा विसळली म्हणून शपथेवर सांगायचे. चकाचक मात्र मोजून तीनदा विसळायचा, आणि वर बाटली उजेडात धरून बघायचा. नाकाला रुमाल न बांधता गटाराच्या पाण्याशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अलीकडचा नमुनेवाला निवृत्त झाला तेव्हा बाईंनी चकाचकला भिंतीच्या या बाजूला आणलं. त्याला कोण आनंद झाला! आता तो शहरभर फिरून नळांचे नमुने घेणार होता. त्याचं घर पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीत, पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. त्या गल्लीतला सार्वजनिक नळही त्याच्या फेरीत होता. त्याची मुलगी पहिलीत. तिनं शाळेत सांगून ठेवलं होतं की माझे बाबा पाण्याची परीक्षा घेतात आणि पास झालं तरच तुम्हाला प्यायला देतात. हे सांगताना तो टेबल पुसत होता, आणि त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फडकं फिरवत होता.

त्याच गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी एका घरात, मग समोरच्या ओळीत. आम्ही तपासण्या वाढवल्या. रोज नमुना यायचा, आणि दुसऱ्या दिवशी निकाल चांगला. जंतूंची तपासणी अशी असते की जांभळ्या रसाच्या नळीत नमुना घालून ती उबवणी पेटीत ठेवायची. पाण्यात घाणीचे जंतू असले की एका दिवसात रस पिवळा होतो आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत हवेचा बुडबुडा धरतो. आमच्या नळ्या जांभळ्याच्या जांभळ्या. पाणीपुरवठा प्रकल्पाचे मुख्य अभियंते, म्हणजे आमचे साहेब, ते कागद घेऊन नगरपालिकेत गेले आणि सांगून आले की पाण्यात दोष नाही, लोकांनी बाहेरचं खाणं बंद करावं.

मग गल्लीतले एक म्हातारे शिंपी गेले. वय झालं होतं, असंही लोक म्हणाले. आणि त्यानंतर चकाचकच्या मुलीला दवाखान्यात भरती केलं.

त्या दिवशी तो कामावर आला. डोळे सुजलेले, शर्ट इस्त्रीचा. बाई म्हणाल्या, "तू इथं काय करतोयस? दवाखान्यात जा."

"जातो बाई. आमच्या गल्लीचा नमुना आणलाय. आधी हा लावा."

बाईंनी तो स्वतः लावला. दुसऱ्या दिवशी नळ्या पुन्हा जांभळ्या. मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "चला, एवढं तरी बरं." मी ऐकत होते. पाणी चांगलं आहे म्हणून त्याला खरोखर हायसं वाटलं होतं.

बाई मात्र नळ्यांसमोरून हलेनात. दाराशी उभ्या असलेल्या मला जवळ बोलावून म्हणाल्या, "हा आल्यापासून एकदा तरी नळी पिवळी झालीय का गं?"

मी आठवून पाहिलं. नव्हती झाली.

"शेवटच्या टोकाला कधीमधी एखादी व्हायचीच. इतकं चांगलं पाणी आपण बनवत नाही," बाई म्हणाल्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला हसू आलं असतं.

आम्ही दोघी जीपनं त्या गल्लीत गेलो. चकाचक तिथं आधीच येऊन उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण ड्रायव्हरकडून कळलं होतं. "मुलीजवळ तिची आई आहे," तो म्हणाला. "नळ मला माहीत आहे, मी दाखवतो." चार पावलांवर दिसणारा नळ दाखवायला माणूस कशाला लागतो? तरी आम्ही त्याच्यामागून गेलो. गल्लीत दारं बंद होती. एका पायरीवर गल्लीतली एक बाई बसली होती. तिनं आमच्या जीपवरचं नाव वाचलं आणि तोंड फिरवलं.

बाई म्हणाल्या, "दोन नमुने घेऊ. एक तू घे, एक मी घेते. तू रोज घेतोस तसाच घे."

त्यानं नळाचं तोंड पुसलं. ज्योत धरून तापवलं. पाणी थोडा वेळ वाहू दिलं. सगळं पुस्तकात असतं तसं, किंबहुना पुस्तकापेक्षा जास्त नेटकं. मग निर्जंतुक बाटलीचं बूच काढलं, आतल्या बाजूला बोट लागू न देता धरलं, बाटलीत थोडं पाणी घेतलं, बूच लावलं, खळखळून हलवलं आणि पाणी गटारात फेकलं. पुन्हा घेतलं, हलवलं, फेकलं. तिसऱ्यांदाही. मग बाटली उजेडात धरून पाहिली आणि भरली.

पहिल्यांदा पाणी फेकलं तेव्हाच मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, त्यांना चक्कर येतेय.  मग त्यांनी आपली बाटली उघडून एकदाच भरली, न विसळता, आणि बूच लावलं.

"मुलीला बरं वाटतंय का?" त्यांनी त्याला विचारलं.

"सलाइन चालू आहे. काल ओळखत नव्हती, आज ओळखते."

"जा तू तिच्याकडे."

जीपमध्ये बसेपर्यंत आम्हा दोघींनाही सगळं कळून चुकलं होतं. जंतूंच्या तपासणीची बाटली तापवून निर्जंतुक करण्याआधी तिच्या तळाशी आम्ही थायोसल्फेट नावाच्या औषधाचे दोन थेंब टाकतो. ते वाळून पांढरट डाग राहतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी आत शिरताक्षणी हे औषध त्या क्लोरीनला गप्प करतं, म्हणजे पाणी नळापाशी जसं होतं तसंच लॅबपर्यंत येतं. औषध धुऊन काढलं तर क्लोरीन बाटलीतसुद्धा आपलं काम करत राहतं. चकाचकची फेरी सकाळभराची. जे काम क्लोरीनला पाइपात करायला वेळ मिळाला नव्हता ते बाटलीत सावकाश व्हायचं. जंतू वाटेत मरायचे, आणि आम्ही मेलेल्या जंतूंच्या पाण्याला चांगलं म्हणून सही द्यायचो. ही बाटली विसळायची नसते हे आमच्यात कुणी कुणाला सांगत नाही, विस्तवाला हात लावू नये हे सांगत नाहीत तसं. अलीकडच्यांना ते माहीतच असतं. तो पलीकडून आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली. त्याच नळाचं, त्याच क्षणाचं पाणी. त्याच्या नळ्या जांभळ्या होत्या. बाईंच्या सगळ्या पिवळ्या, आणि प्रत्येकीत बुडबुडा.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. गल्लीचा पाणीपुरवठा बंद झाला, टँकर निघाले, पाणी उकळून प्या म्हणून शहरभर भोंगा फिरला. खणल्यावर कळलं की नळापासून थोड्याच अंतरावर गटाराची फुटकी वाहिनी पाण्याच्या गळक्या पाइपाला जवळजवळ टेकली होती. पाणी बंद झालं की घाण आत ओढली जायची आणि पाणी सुरू झालं की आधी तीच घरात पोचायची. बाईंनी चकाचकच्या काळातले सगळेच निकाल रद्द धरले आणि शहरातले झाडून सारे नळ नव्यानं तपासायला घेतले. साहेबांनी डोक्याला हात लावला, पण अडवलं नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट मागितली.

"अहवालात नमुनेवाल्याचा हलगर्जीपणा असं लिहा," ते म्हणाले. "खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटणारच आहे. लॅबच्या डोक्यावर फुटलं तर उद्या तुमच्या कागदावर कोण विश्वास ठेवील?"

बाई म्हणाल्या, "तो हलगर्जी असता तर एकदा तरी विसळायला विसरला असता, आणि आपल्याला कळलं असतं."

"मग काय लिहिणार आहात?"

"या बाटलीचं काम मी त्याला शिकवलं नाही, असं."

 साहेब वाईट माणूस नाहीत. मुलं त्यांनाही आहेत. म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला खड्ड्यात घालताय." बाईंनी मान हलवली आणि आम्ही बाहेर आलो.

व्हरांड्यात मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. म्हटलं, "बाई, अहवालात काय लिहायचं ते लिहा. पण त्याला सांगू नका. परत पलीकडे पाठवून द्या, बाटल्या खराब निघाल्या म्हणा. घरात मूल आजारी असताना बापाला हे कळून काय व्हायचंय? उलट दुष्काळात तेरावा महिना."

"मलाही रात्रभर तेच वाटत होतं," त्या म्हणाल्या. "पण अहवाल फुटणार. साहेबांच्या शिपायाकडून, नाहीतर गल्लीतल्या कुणाकडून, त्याला अर्धवट काहीतरी कळेल. तेव्हा त्याला विचारायलासुद्धा कुणी नसेल."

"मग मुलगी बरी झाल्यावर सांगा."

"आणि नाही झाली तर?"

मी त्यांचा हात सोडला. मला त्यांचा रागही आला. काही माणसांचा खरेपणा दुसऱ्याच्या अंगावर पडतो आणि सोसावं त्याला लागतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

दवाखान्यात दुपारची भेटीची वेळ होती. चकाचक वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. आम्हाला पाहून उठला आणि बाकावरची जागा रुमालानं झटकून दिली. मुलीनं सकाळी दोन घास खाल्ले म्हणाला. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच, त्यांच्या त्या हळू आवाजात, त्यांनी त्याला सगळं सांगितलं. मोठ्या मुलाला गणित समजावून सांगावं तसं, पायरीपायरीनं. दोन थेंब, पांढरा डाग, क्लोरीन, सकाळभराची फेरी. कुठंही थांबल्या नाहीत आणि काही गाळलंही नाही. शेवटी म्हणाल्या, "यात तुझी चूक नाही. हे तुला सांगणं माझं काम होतं."

तो ऐकत होता. मधेच आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते खिशात घातले.

"म्हणजे तो डाग औषधाचा होता?" त्यानं विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, बाटल्या नीट धुतल्या जात नाहीयेत. धुणाऱ्या मावशींचे हात दुखतात हल्ली. म्हटलं, कशाला त्यांचं नाव सांगायचं. आपणच विसळून घेऊ. तीनदा तर विसळायच्याच असतात."

मला भिंतीकडे तोंड करावं लागलं. मावशींच्या हातांचं मला ठाऊक नव्हतं. रोज त्यांच्या शेजारी मी चहा पिते.

"बाई," तो म्हणाला, "आमची ही घरी पाणी उकळायची. पहिल्यापासून उकळायची, तिच्या माहेरची सवय. मी या बाजूला आल्यावर बंद करायला लावलं. भांडलो तिच्याशी. म्हटलं, नवरा स्वतःच्या हातानं पाणी तपासायला नेतो आणि तू गॅस जाळतेस, लोक काय म्हणतील?"

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिला मी सांगते."

"नको. मी सांगतो."

तो आत गेला. दार उघडंच होतं. खाटेवर मुलगी झोपली होती, हाताला सलाइनची नळी. तिचा मोकळा हात त्यानं आपल्या हातात घेतला आणि बायकोशी बोलायला लागला. शब्द ऐकू येत नव्हते. तो थोडंच बोलला. ती ऐकत राहिली, त्याच्याकडे न बघता, मुलीच्या पांघरुणाची घडी सारखी करत. मग तिनं मुलीचा हात त्याच्या हातातून काढून घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला.

बाई आत गेल्या. मीही मागोमाग गेले, नाही तर काय करणार होते?

"चूक त्याची नाही," बाई तिला म्हणाल्या. "बाटली धुवायची नाही हे मी त्याला सांगायला हवं होतं."

तिनं मान वर करून बाईंना नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. "मग सांगायचं होतंत," ती म्हणाली. "आत्ता मला सांगून काय करू मी?"

बाईंनी नजर खाली वळवली. आमच्या बाईंना, ज्यांच्यासमोर नगरपालिकेचे लोक बोलताना अडखळतात, त्यांना मी पहिल्यांदाच तसं पाहिलं. चकाचक खाटेच्या पायथ्याशी लोखंडी कडा धरून उभा होता. रडत नव्हता. ते जास्त वाईट दिसत होतं.

बोलण्यानं मुलगी जागी झाली. तिनं एकेकाकडे पाहिलं, आई, बाबा, दोन अनोळखी बायका, आणि कोरड्या ओठांनी म्हणाली, "पाणी."

उशाशी दुकानातून आणलेली सीलबंद बाटली होती. चकाचकचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. बाई बाटलीच्या सगळ्यांत जवळ होत्या. त्याही हलल्या नाहीत. आम्ही तिघं पाण्याची माणसं, आमच्यातल्या एकाचंही त्या लेकराला पाणी द्यायचं धाडस झालं नाही.

आईनं बाटली घेतली. सील तोडलं, पेल्यात पाणी ओतलं आणि आधी स्वतः एक घोट घेतला. तो तोंडात धरून ठेवला, गिळला, जरा थांबली. मग मुलीच्या मानेखाली हात घालून पेला तिच्या ओठांना लावला.